शीतनिद्रेनंतरचा संगणक आणि नेटवर्कशी तुटणारा त्याचा संबंध: सालवड परिसरातील कचेऱ्यांच्या संदर्भात

१. प्रश्नाचे स्वरूप

पालघर जिल्ह्यातील सालवड हे गाव बोईसर रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेस, तारापूर औद्योगिक क्षेत्राला लागून आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ साली झाली. त्यानंतरच्या काळात सालवड व आसपासच्या गावांच्या शिवारात कारखान्यांची वसाहत उभी राहिली. १९६९ साली तारापूरचे अणुविद्युत केंद्र सुरू झाले आणि शेती व मासेमारीवर जगणारा हा किनारपट्टीचा भाग रसायने, औषधे, कापड आणि पोलाद यांच्या उत्पादनासाठी ओळखला जाऊ लागला. कारखाना म्हटला की त्याला कचेरी आली, आणि कचेरी म्हटली की आज तेथे संगणक आलेच. हजेरीपट, हिशेब, मालाची आवक-जावक, १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे, २०१८ पासूनचे ई-वे बिल ही सारी कामे नेटवर्कने जोडलेल्या संगणकांवर चालतात. ई-वे बिल निघाल्याखेरीज भरलेला टँकर फाटकाबाहेर काढता येत नाही. त्यामुळे कचेरीतील एका संगणकाचा खोळंबा हा पुष्कळदा साऱ्या कारखान्याचा खोळंबा ठरतो.

अशा कचेऱ्यांत एक तक्रार वारंवार ऐकू येते. कारकून संध्याकाळी संगणक पूर्ण बंद न करता त्याला शीतनिद्रेत, म्हणजे प्रचलित भाषेत ‘हायबरनेट’ अवस्थेत, ठेवून घरी जातो. सकाळी तो यंत्र जागे करतो तेव्हा आदल्या दिवशीचे सर्व कागद पडद्यावर जसेच्या तसे दिसतात. परंतु सर्व्हरवरील सामाईक फोल्डरवर लाल फुली असते, छापयंत्र आज्ञा घेत नाही आणि इंटरनेटही चालत नाही. शेजारच्या टेबलावरील संगणक मात्र त्याच वेळी व्यवस्थित चालू असतो. यंत्र ‘रीस्टार्ट’ केले की सर्व काही सुरळीत होते, आणि म्हणून कारणाचा शोध कोणी घेत नाही. हा बिघाड नेटवर्कचा म्हणावा तर इतर संगणक चालू असतात. यंत्राचा म्हणावा तर ते रीस्टार्टनंतर निर्दोष ठरते. बहुतेक प्रसंगी दोघांपैकी कोणीच मोडलेले नसते. दोघांत जे करार झालेले होते, त्यांची मुदत एकाच्या झोपेत संपलेली असते. हे करार कोणते आणि ते कसे संपतात, यांचे विवेचन पुढे केले आहे.

२. झोप, शीतनिद्रा आणि पूर्ण बंद

संगणकाच्या विश्रांतीच्या तीन अवस्थांत भेद केला पाहिजे. पहिली साधी झोप. हीत प्रक्रियक थांबतो, पडदा व डिस्क बंद होतात; परंतु स्मृतीला, म्हणजे ‘रॅम’ला, थोडी वीज मिळत राहते आणि तीतील मजकूर टिकून राहतो. वीजपुरवठा तुटला तर हा मजकूर नाहीसा होतो. दुसरी शीतनिद्रा. हीत स्मृतीतील उपयोगात असलेला सर्व मजकूर डिस्कवरील एका राखीव फाईलमध्ये लिहिला जातो आणि मग यंत्राची वीज तोडली जाते. या अवस्थेत यंत्र भिंतीवरील प्लगपासून सोडविले तरी काही बिघडत नाही. तिसरी पूर्ण बंद अवस्था. हीत चालू असलेले सर्व प्रोग्राम आधी संपविले जातात आणि पुढील वेळी सर्व आरंभ नव्याने होतो.

या अवस्थांची शिस्तबद्ध व्याख्या इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा या कंपन्यांनी डिसेंबर १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘ए.सी.पी.आय.’ या मानकात करण्यात आली. त्या मानकानुसार साध्या झोपेला ‘एस-३’ व शीतनिद्रेला ‘एस-४’ अशा संज्ञा आहेत. कचेऱ्यांत वापरल्या जाणाऱ्या विंडोज प्रणालीत शीतनिद्रेची सोय २००० सालच्या आवृत्तीपासून अंगभूत झाली.

शीतनिद्रेत जे जतन होते ते स्मृतीचे चित्र होय. ज्या क्षणी यंत्र झोपी गेले त्या क्षणी त्याला जगाविषयी जे ठाऊक होते, तेवढेच त्यात असते: आपला पत्ता अमुक आहे, सर्व्हरशी अमुक जोडण्या खुल्या आहेत, अमुक फाईल आपल्या ताब्यात आहे. संगणकाबाहेरच्या उपकरणांत, म्हणजे स्विच, राउटर आणि सर्व्हर यांत, जी माहिती असते तिचे जतन शीतनिद्रा करीत नाही. करूही शकत नाही. ती उपकरणे जागीच असतात आणि त्यांचा व्यवहार चालू राहतो. जागे झालेले यंत्र जुन्या माहितीवर विश्वासून बोलू लागते आणि समोरच्या उपकरणांना त्या माहितीची ओळख उरलेली नसते.

३. नेटवर्क कार्ड आणि त्याचा ड्रायव्हर

पहिला खंड यंत्राच्या आतच पडू शकतो. नेटवर्क कार्डामध्ये लहान लहान नोंदघरे असतात. आलेला संदेश स्मृतीत कोठे ठेवावा, जाणारा संदेश कोठून उचलावा, कोणते संदेश स्वीकारावेत, ही माहिती त्यांत भरलेली असते. ती भरण्याचे काम ‘ड्रायव्हर’ नावाचा प्रोग्राम करतो. शीतनिद्रेत कार्डाची वीज गेली की ही नोंदघरे रिकामी होतात. ड्रायव्हर मात्र स्मृतीच्या चित्राबरोबर जसाच्या तसा परत येतो.

जागृतीच्या वेळी कार्यप्रणाली प्रत्येक ड्रायव्हरला ‘तुझ्या उपकरणाला पुन्हा पूर्ण वीज मिळाली आहे’ अशी सूचना देते. नीट लिहिलेला ड्रायव्हर त्या वेळी सर्व नोंदघरे पहिल्यापासून भरतो. सदोष अथवा जुना ड्रायव्हर कार्डाला पूर्वीचे सर्व आठवत आहे असे गृहीत धरतो, किंवा त्यातील काहीच भाग भरतो. तेव्हा विचित्र लक्षणे दिसतात. केबलच्या तोंडाशी असलेला दिवा लागतो, संगणक ‘जोडलेला आहे’ असे सांगतो, परंतु एकही संदेश येत नाही किंवा जात नाही.

अशा वेळी नेटवर्क कार्ड विंडोजमधून एकदा निष्क्रिय करून पुन्हा सक्रिय केले की काम सुरू होते. निष्क्रिय-सक्रिय करण्याच्या क्रियेत ड्रायव्हरला पूर्ण नवा आरंभ करावा लागतो, म्हणून हा उपाय लागू पडतो. तो लागू पडला तर दोष ड्रायव्हरकडे आहे असे मानण्यास सबळ आधार मिळतो, आणि कायमचा उपाय म्हणून संगणकाच्या वा कार्डाच्या निर्मात्याने दिलेली ड्रायव्हरची नवी आवृत्ती बसविणे योग्य ठरते. कार्डाच्या गुणधर्मांत ‘वीज वाचविण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची परवानगी’ अशा अर्थाची एक खूण असते. ती काढून टाकल्यानेही काही यंत्रांत हा त्रास थांबतो. मात्र या उपायाचा संबंध मुख्यतः साध्या झोपेशी आणि चालू असतानाच्या वीजबचतीशी आहे. शीतनिद्रेत वीज एरव्हीही तुटतेच, हे ध्यानात ठेवावे.

४. पत्त्याचा भाडेपट्टा

नेटवर्कवर प्रत्येक यंत्राला एक आकडी पत्ता लागतो, त्याला आय.पी. पत्ता म्हणतात. लहान कचेऱ्यांत हे पत्ते राउटर वाटतो. वाटपाची पद्धत ‘डी.एच.सी.पी.’ या नावाने ओळखली जाते आणि तिचे आजही आधारभूत असलेले मानक मार्च १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. या पद्धतीत पत्ता कायमचा दिला जात नाही. तो ठराविक मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिला जातो. मुदतीचा निम्मा काळ लोटला की संगणक आपल्या मूळ दात्याकडे नूतनीकरण मागतो. ते न मिळाल्यास मुदतीचा सात-अष्टमांश काळ लोटल्यावर तो कोणत्याही दात्याकडे मागणी करतो. आणि मुदत संपताच त्याने तो पत्ता सोडला पाहिजे असा नियम आहे.

एका काल्पनिक उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, सालवडच्या एका कचेरीत राउटरने २४ तासांचे पट्टे दिले आहेत. शनिवारी सायंकाळी ६ वाजता एका संगणकाचा पट्टा नुकताच नवा झाला आणि लगेच तो शीतनिद्रेत गेला. रविवारी पहाटे ६ वाजता त्याने नूतनीकरण मागावयास हवे होते; दुपारी ३ वाजता दुसरा प्रयत्न करावयास हवा होता; परंतु झोपलेले यंत्र काहीच मागू शकत नाही. रविवारी सायंकाळी ६ वाजता पट्टा संपला. सोमवारी सकाळी साडेआठला एखादा कंत्राटदार आपला लॅपटॉप जोडतो आणि मोकळा झालेला तोच पत्ता राउटर त्याला देतो. नऊ वाजता, म्हणजे ३९ तासांनी, मूळ संगणक जागा होतो. त्याच्या स्मृतीत तो पत्ता अजून त्याचाच आहे.

सर्व काही नियमाप्रमाणे घडले तर येथे अडचण येत नाही. जागा झालेला संगणक ‘हा माझा पूर्वीचा पत्ता, तो मला पुन्हा मिळावा’ अशी विनंती पाठवितो. राउटर नकार देतो. संगणक जुना पत्ता टाकून नवा मागतो. आणि काही सेकंदांत व्यवहार सुरू होतो. अडचण येते ती विनंती पोहोचली नाही अथवा उत्तर आले नाही तर. अशा वेळी विंडोज संगणक स्वतःच स्वतःला ‘१६९.२५४’ या आकड्यांनी आरंभ होणारा तात्पुरता पत्ता घेतो. या पत्त्याने राउटरपलीकडे जाता येत नाही आणि नेहमीच्या सर्व्हरशीही बोलता येत नाही. पुढे दर पाच मिनिटांनी तो पुन्हा विचारणा करतो. म्हणूनच काही यंत्रे ‘थोड्या वेळाने आपोआप बरी होतात’ असा अनुभव येतो.

पत्ते हाताने नेमून देणाऱ्या कचेऱ्यांत वेगळीच गुंतागुंत होते. छापयंत्राला किंवा हिशेबाच्या सर्व्हरला नेमलेला पत्ता राउटरच्या वाटपाच्या टप्प्यातून वगळलेला नसेल, तर ते उपकरण बंद असताना राउटर तोच पत्ता दुसऱ्याला देऊ शकतो. उपकरण जागे झाले की एका पत्त्याचे दोन धनी होतात आणि संदेश कधी एकाकडे, कधी दुसऱ्याकडे जाऊ लागतात. हाताने नेमलेले पत्ते आणि राउटरच्या वाटपाचे पत्ते यांची हद्द स्वच्छ आखणे हाच यावर उपाय आहे.

५. दोन प्रकारची घड्याळे

पट्ट्याची मुदत संगणक मोजतो कशी, हा पुढचा प्रश्न. प्रत्येक संगणकात निदान दोन घड्याळे असतात. एक मदरबोर्डवरील नाण्याच्या आकाराच्या बॅटरीवर चालते. यंत्र बंद असले तरी ते पुढे जात राहते. दुसरे कार्यप्रणालीच्या आत असते आणि यंत्र सुरू झाल्यापासूनचा काळ मोजते. हे दुसरे घड्याळ झोपेचा काळ धरते की वगळते, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. उदाहरणार्थ, लिनक्स प्रणालीतील नेहमीचे ‘मोनोटोनिक’ घड्याळ झोपेतील काळ मोजीत नाही. तो काळ धरणारे निराळे घड्याळ २०११ साली तिच्या २.६.३९ या आवृत्तीत जोडण्यात आले. ज्या प्रोग्रामची मुदत पहिल्या घड्याळावर मोजली जाते, त्याला ३९ तासांची झोप म्हणजे शून्य काळ वाटतो आणि मुदत संपलेला करार तो चालू समजतो.

नाण्याएवढी बॅटरी संपली तर याहून निराळा घोटाळा होतो. मुख्य वीज तुटताच पहिले घड्याळ मागे पडते आणि यंत्र जुन्या तारखेत जागे होते. सर्व्हरवरील ओळखपरीक्षेच्या ‘कर्बेरॉस’ पद्धतीत दोन्ही यंत्रांच्या घड्याळांत विंडोजच्या नेहमीच्या मांडणीप्रमाणे पाच मिनिटांहून अधिक अंतर चालत नाही. अधिक असल्यास प्रवेश नाकारला जातो. सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रेही तारखेवर तपासली जातात, म्हणून तीही नाकारली जातात. केबल, पत्ता आणि राउटर ही सर्व ठीक असूनही ‘नेट चालत नाही’ अशी तक्रार येते, तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यातील तारीख आधी पाहावी.

६. अर्धवट राहिलेल्या जोडण्या

पत्ता नीट मिळाला तरी जुन्या जोडण्यांचा प्रश्न उरतोच. सर्व्हर आणि संगणक यांच्यातील बहुतेक संभाषण ‘टी.सी.पी.’ पद्धतीने चालते. तीत दोन्ही बाजू एकमेकींचा कितवा संदेश आला याची नोंद ठेवतात. एक बाजू काही न कळविता गप्प झाली तर दुसरीला ते ताबडतोब समजण्याचा मार्ग नसतो. गप्प असलेली बाजू जिवंत आहे की नाही हे चाचपण्याची सोय आहे; पण ऑक्टोबर १९८९ च्या मानकानुसार तिची नेहमीची प्रतीक्षा दोन तासांहून कमी नसावी असे ठरले आहे. विंडोजचा फाईल-सर्व्हर नेहमीच्या मांडणीत १५ मिनिटे निष्क्रिय राहिलेले सत्र तोडतो. राउटरमध्येही बाहेरच्या प्रत्येक जोडणीची एक नोंद असते. २००८ च्या एका मानकाने स्थापित जोडणीची नोंद निदान २ तास ४ मिनिटे ठेवावी असे सांगितले. तथापि पुष्कळ राउटर ती त्याआधीच पुसतात. एकंदरीत, रात्रभराच्या शीतनिद्रेनंतर जवळजवळ कोणतीही जोडणी समोरच्या बाजूस शिल्लक राहत नाही.

जागा झालेला संगणक अशा मृत जोडणीवर संदेश पाठवितो तेव्हा दोन गोष्टी संभवतात. सर्व्हरपर्यंत संदेश पोहोचला तर सर्व्हर ‘अशी जोडणी नाही’ असे तत्काळ कळवितो आणि प्रोग्राम नवी जोडणी करतो. राउटरने मात्र तो संदेश मुकाट्याने टाकून दिला तर संगणक तोच संदेश वाढत्या अंतराने पुनःपुन्हा पाठवीत राहतो. लिनक्सच्या नेहमीच्या मांडणीत हा खटाटोप सुमारे १५ मिनिटे चालतो. तेवढा वेळ प्रोग्राम गोठल्यासारखा दिसतो. मुंबईतील मुख्य कचेरीशी ‘व्ही.पी.एन.’ने जोडलेल्या यंत्रांत हा अनुभव विशेष येतो. तेथे जुनी जोडणी स्वतः तोडून नव्याने करणे हाच जलद मार्ग आहे.

येथपर्यंतचा त्रास वेळेचा आहे. याहून गंभीर धोका माहितीचा आहे. समजा, सर्व्हरवरील मालसाठ्याची एक फाईल उघडी ठेवून कारकून शनिवारी यंत्र शीतनिद्रेत ठेवतो. यंत्र जागे असेपर्यंत त्या फाईलवर त्याचे कुलूप असते आणि इतरांना ती बदलता येत नाही. सत्र तुटताच सर्व्हर ते कुलूप काढतो. रविवारच्या पाळीवरील दुसरा कारकून तीच फाईल उघडून दिवसभराची जावक नोंदवितो. सोमवारी पहिले यंत्र जागे होते. त्याच्या स्मृतीत शनिवारची प्रत आहे. कारकून एक लहानशी दुरुस्ती करून फाईल साठवितो, आणि रविवारच्या साऱ्या नोंदी नाहीशा होतात. काही प्रोग्राम ही तफावत ओळखून इशारा देतात. काही देत नाहीत. आणि दिलेला इशारा वाचल्याशिवाय पुढे जाण्याची सवयही पुष्कळांना असते. या नुकसानीची कोणतीही खूण पडद्यावर उमटत नाही. महिनाअखेरीस साठा जुळत नाही तेव्हा ते लक्षात येते. म्हणून सर्व्हरवरील फाईल उघडी ठेवून यंत्र शीतनिद्रेत ठेवू नये, हा नियम सोयीचा नसून हिशेबाच्या शुद्धतेचा आहे.

७. वीज गेल्यानंतरची जागृती

शीतनिद्रा नेहमी माणसाच्या इच्छेनेच येते असे नाही. संगणकाला यू.एस.बी. तारेने जोडलेला यू.पी.एस. बॅटरी संपत आल्याची सूचना देऊ शकतो आणि त्या सूचनेवरून विंडोज आपण होऊन शीतनिद्रेत जाऊ शकते. किनाऱ्यालगतच्या या भागात ही सोय मोलाची आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई व आसपासच्या भागात वीजवहन यंत्रणा कोलमडली. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ कोकण किनाऱ्याजवळून गेले तेव्हा किनारपट्टीवरील पुरवठा विस्कळीत झाला. अशा प्रसंगी ‘लाईट गेली’ म्हणून चालू काम बुडू नये, यासाठी शीतनिद्रेइतके खात्रीचे साधन दुसरे नाही.

परंतु वीज परत आल्यावर सर्व उपकरणे एकदम सुरू होतात आणि त्यांचा वेग सारखा नसतो. वेगवान डिस्क असलेला संगणक अर्ध्या मिनिटाच्या आत आपले स्मृतिचित्र परत आणतो. राउटरला आपला प्रोग्राम चालू करून बाहेरची लाईन पकडण्यास एक-दोन मिनिटे लागू शकतात. सर्व्हरला तर त्याहूनही अधिक. व्यवस्थापनयोग्य स्विचमध्ये आणखी एक विलंब असतो. नेटवर्कमध्ये संदेशांची चक्राकार फेरी होऊ नये म्हणून असे स्विच नवी जोडणी दिसताच जुन्या ‘स्पॅनिंग ट्री’ पद्धतीप्रमाणे १५ सेकंद ऐकण्यात आणि १५ सेकंद शिकण्यात घालवितात. या ३० सेकंदांत दिवा लागलेला असतो, पण संदेश पुढे जात नाहीत. संगणकाची पत्त्याची विनंती नेमकी याच अवधीत वाया जाते आणि वर सांगितलेला ‘१६९.२५४’चा पत्ता त्याच्या वाट्याला येतो.

यावर दोन उपाय आहेत. संगणक जोडलेल्या स्विचच्या तोंडांना ‘हे टोकाचे तोंड आहे’ अशी मांडणी करून दिली की ही प्रतीक्षा टळते. दुसरा उपाय याहून साधा आहे: राउटर व स्विच यांना स्वतंत्र लहान यू.पी.एस. द्यावा. त्यांची वीजगरज थोडी असल्याने लहान बॅटरीही त्यांना पुष्कळ वेळ पुरते, आणि संगणक जागे होतात तेव्हा नेटवर्क आधीच उभे असते.

८. ‘शट डाउन’ आणि ‘रीस्टार्ट’ यांतील भेद

पुष्कळ कचेऱ्यांत असा अनुभव सांगितला जातो की संगणक रात्रभर बंद ठेवूनही सकाळी तोच दोष दिसतो, आणि मग शीतनिद्रेचा संबंध नाकारला जातो. हा निष्कर्ष चुकीचा आहे. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय शीतनिद्रा उपलब्ध असलेल्या यंत्रांत आरंभापासूनच चालू ठेवलेली असते. तीनुसार ‘शट डाउन’ म्हटल्यावर वापरणाऱ्याचे प्रोग्राम बंद होतात; परंतु कार्यप्रणालीचा गाभा आणि ड्रायव्हर यांचे स्मृतिचित्र डिस्कवर लिहिले जाते आणि सकाळी तेच परत आणले जाते. म्हणजे कारकुनाच्या समजुतीने बंद झालेला संगणक अर्ध्या शीतनिद्रेतच असतो. ‘रीस्टार्ट’च्या आज्ञेत मात्र ही पळवाट नसते, तीत सर्व काही नव्याने सुरू होते.

यावरून एक चमत्कारिक वाटणारी पण खरी गोष्ट निष्पन्न होते: यंत्र दहा तास बंद ठेवल्याने जो दोष जात नाही, तो दोन मिनिटांच्या रीस्टार्टने जातो. ज्या कचेरीत हा दोष वारंवार येतो तेथे वीजपर्यायांतून ‘फास्ट स्टार्टअप’ काढून टाकावे, अथवा शिफ्ट कळ दाबून धरून ‘शट डाउन’ करावे. तेव्हाच यंत्र खऱ्या अर्थाने बंद होते.

९. परीक्षेचा क्रम

दोष कोठे आहे हे ठरविताना खालून वर जाण्याचा क्रम पाळावा. प्रथम केबलच्या तोंडाशी दिवा आहे का ते पाहावे. नसल्यास केबल, स्विचचे तोंड अथवा कार्डाची वीज तपासावी. दिवा असल्यास संगणकाचा पत्ता पाहावा. तो ‘१६९.२५४’ने आरंभ होत असेल तर पत्ता देणाऱ्यापर्यंत विनंती पोहोचलेली नाही. जुना पत्ता सोडून नवा मागण्याची आज्ञा द्यावी आणि तीही निष्फळ ठरल्यास कार्ड निष्क्रिय-सक्रिय करावे. पत्ता योग्य दिसत असेल तर ‘पिंग’च्या आज्ञेने राउटर उत्तर देतो का ते पाहावे, उत्तर कधी येते व कधी येत नाही असे असल्यास एका पत्त्याचे दोन धनी असण्याचा संशय घ्यावा. राउटर उत्तर देतो पण संकेतस्थळे उघडत नाहीत, तर तारीख आणि नावांचे पत्त्यांत रूपांतर करणारी सेवा तपासावी. हेही ठीक असून एखादाच प्रोग्राम अडला असेल, तर जुनी जोडणी हे कारण समजून तो प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडावा.

हा क्रम पाळण्यास पाच मिनिटेही लागत नाहीत. पहिल्याच क्षणी रीस्टार्ट केल्यास काम निभावते. पण लक्षणे पुसली जातात आणि तोच दोष दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. एकदा तरी लक्षणांची नोंद करून मग रीस्टार्ट करावे.

१०. शीतनिद्रेची मर्यादा आणि उपयोग

हा सर्व त्रास टाळण्यासाठी संगणक रात्रंदिवस चालूच ठेवावेत, असा सल्ला काही ठिकाणी दिला जातो. त्याचा हिशेब करून पाहावा. एक संगणक निष्क्रिय असताना ५० वॅट घेतो असे धरले तर रात्रीच्या १५ तासांत पाऊण युनिट खर्च होते. अशा २० संगणकांना एका रात्रीत १५ युनिटे लागतात आणि महिन्याच्या २५ रात्रींत ३७५. शीतनिद्रेत प्रत्येकी सुमारे एक वॅट धरला तर त्याच रात्री साडेसात युनिटांत निघतात. केवळ नेटवर्कच्या सोयीसाठी एवढी वीज दवडणे समर्थनीय नाही. ज्यांना सकाळी आल्याबरोबर काम हवे असेल त्यांच्यासाठी नेटवर्कवरून यंत्र जागे करण्याची सोय आहे. सहा ‘सर्व-एक’ बाइट आणि त्यांपुढे त्या कार्डाचा ओळखक्रमांक सोळा वेळा, असा १०२ बाइटांचा संदेश पाठविला की त्यासाठी मांडणी केलेले यंत्र जागे होते. कार्यालय उघडण्यापूर्वी पंधरा मिनिटे हा संदेश सोडला तर पत्ते व जोडण्या यांची बहुतेक घालमेल माणसे येण्यापूर्वीच उरकते.

तथापि, काही संगणकांना झोपेची परवानगी असताच कामा नये. तारापूर औद्योगिक क्षेत्राच्या संदर्भात हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने फेब्रुवारी २०१४ मध्ये अतिप्रदूषक अशा १७ वर्गांतील उद्योगांना सांडपाणी व धुराड्यांतील उत्सर्जन यांचे सतत स्वयंचलित मापन करून ते नेटवर्कद्वारे मंडळांकडे पाठविण्याचे निर्देश दिले. मंडळाच्या २०१८ च्या सर्वंकष पर्यावरणीय प्रदूषण निर्देशांकात तारापूरचा अंक ९३.६९, म्हणजे देशात सर्वांत वरचा, होता. अशा ठिकाणी मापनाची नोंद पुढे धाडणारा संगणक विंडोजच्या नेहमीच्या वीजबचतीच्या मांडणीमुळे झोपी गेला, किंवा वीज परत आल्यावर ‘१६९.२५४’चा पत्ता घेऊन बसला, तर नोंदीत खंड पडतो. त्या अवधीत नाल्यात व खाडीत काय गेले, याचा पुरावा राहत नाही. कारखान्याला आपली निर्दोषता दाखविता येत नाही आणि सालवड, पास्थळ, कुंभवली येथील रहिवाशांना आपली तक्रार सिद्ध करता येत नाही. एका खूण-चौकटीतील दुर्लक्षाचा परिणाम इतका दूरवर जाऊ शकतो.

म्हणून कचेरीतील यंत्रांची तीन गटांत विभागणी करणे इष्ट होय. मापन, सुरक्षा आणि सर्व्हर यांची यंत्रे कधीही झोपू नयेत. त्यांना पुरेसा यू.पी.एस. आणि हाताने नेमलेला, वाटपातून वगळलेला पत्ता असावा. हिशेब व साठा यांची यंत्रे सामाईक फाईल बंद करूनच शीतनिद्रेत ठेवावीत आणि आठवड्यातून एकदा तरी रीस्टार्ट करावीत. उरलेली यंत्रे खुशाल झोपू द्यावीत. पट्ट्याची मुदत कचेरीच्या नेहमीच्या सुटीहून मोठी ठेवली, उदाहरणार्थ विंडोज सर्व्हरच्या नेहमीच्या मांडणीप्रमाणे आठ दिवसांची, तर साप्ताहिक सुटीनंतरच्या बहुतेक तक्रारी उद्भवणारच नाहीत. दिवाळीसारखी लांब सुटी असेल तेव्हा मात्र यंत्रे पूर्ण बंद करूनच कचेरीला कुलूप लावावे.